एकोणीसशे ग्रॅमचं जाकीट

रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर सध्या जेमतेम तीस अंशांपर्यंत वाकू देते; उरलेलं मनाने वाकलो आहे असं समज.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? मागे फोनवर तू 'बरा आहे' म्हणालीस. बरा म्हणजे किती बरा? जिना चढताना दुखतो की उतरताना, कितव्या पायरीला, आणि आतून 'कट' असा आवाज येतो की नुसती करकर, हे नीट लिहून कळवलंस तर मला काही सुचवता येईल. (सांधा म्हणजे शेवटी बिजागरीच. मी डॉक्टर नाही हे ठाऊक आहे. मी कशाचंच रीतसर शिक्षण घेतलेलं नाही, तरी माझ्या हाताखालून गेलेली एकही बिजागरी पुन्हा कुरकुरलेली नाही.) भाऊजी ते कानातलं यंत्र कानात घालतात का, की अजून कपाटातच घालून ठेवतात? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे 'सगळे ठीक' मी पत्राच्या पद्धतीप्रमाणे लिहिलं आहे. तपशील खाली येतोच आहे.

फोन न करता हा कागद का खर्चतो आहे, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि तू मध्ये बोललीस की मी कुठपर्यंत आलो होतो ते मला मागे जाऊन शोधावं लागतं. शिवाय आपला मागचा महत्त्वाचा फोन मी स्पीकरवर लावला होता, कारण तुझ्या मागून भाऊजीही बोलत होते आणि मला दोघांचंही ऐकायचं होतं. आत बाबा होते. त्यांनाही दोघांचं ऐकू आलं. पुढचं सगळं रामायण त्या स्पीकरच्या बटणापासून सुरू झालं, म्हणून यावेळी शाई.

त्या फोनवर आपलं काय ठरलं होतं ते आठवतंय ना? तू म्हणालीस, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, पोरगी शाळेत, बाबा सकाळी दहापासून चारपर्यंत एकटे. ते नीट जेवत नाहीत, मागच्या वेळी पाहिले तेव्हा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. मी म्हणालो, 'दिसत होता' हे माप नव्हे. तेव्हा तू चिडून म्हणालीस की मग तूच माप ठरव. मी ठरवलं. बाबांचं वजन दर रविवारी सकाळी नऊ वाजता घ्यायचं, आकडा तुला कळवायचा, आणि तो पन्नास किलोच्या खाली गेला तर तू येऊन त्यांना तुझ्याकडे घेऊन जायचं, मी हूं की चूं करायचं नाही. तू म्हणालीस, शब्द दे. मी दिला. आजवर माझा काटा आणि माझा शब्द दोन्ही सारखेच चालत आले आहेत, हे बाजारात कुणालाही विचार.

(नव्या माणसाला मी ही गोष्ट नेहमी सांगतो, तुला माहीत आहे, तरी लिहितो. सतराव्या वर्षी मी वाण्याचा बिघडलेला काटा कुणी न शिकवता उघडला आणि परत जोडला. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो स्क्रू अजून माझ्या डबीत आहे आणि तो काटा अजून त्या दुकानात चालतो आहे. याचा अर्थ तो स्क्रू मुळात जास्तीचाच होता.)

तर यंत्रणा उभी केली. धान्याच्या वखारीतून निकालात निघालेला मोठा तबकडीचा काटा, ज्याच्यावर पोती ठेवतात तो, मी पूर्वीच आणून, खोलून, तेलपाणी करून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता. त्याची सुई शंभर ग्रॅमला एक घर पुढे सरकते. घरातल्या सगळ्यांनीच उभं राहायचं म्हणजे बाबांना वेगळं वाटणार नाही, असा माझा विचार होता. आमची लेक (वय पंधरा, उंची आईच्या वर चार बोटं, मत आईच्या वर चार हात) म्हणाली की तिचं वजन ही तिची खासगी गोष्ट आहे. आमची ही म्हणाली, मी आठवडाभर बसच्या चौकशी खिडकीत बसते, रविवारी मला कशावरही उभं करू नका. म्हणजे उरलो मी आणि बाबा. (माझं वजन हा या पत्राचा विषय नाही. मी उभं राहण्यापूर्वी घड्याळ, चष्मा आणि किल्ल्या काढून ठेवतो. तो शास्त्राचा भाग आहे.) बाबांना काठीसुद्धा खाली ठेवायला लावायचो. (काठी मीच करून दिलेली, चारशे ग्रॅमची, ना कमी ना जास्त.) ती भिंतीला टेकवायची, मी खांद्याला आधार द्यायचा, सुई थांबली की हात काढायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा.

पहिल्या रविवारी एकावन्न किलो दोनशे. दुसऱ्या रविवारी पन्नास सातशे. तिसऱ्या रविवारी पन्नास तीनशे. मी आकडा वाचला आणि बाबा काठीकडे हात करून उभे राहिले. मी घाबरणाऱ्यातला नाही, दुरुस्त करणाऱ्यातला आहे. त्याच दुपारी मी जेवणाच्या टेबलावर छोटा काटा आणून ठेवला. बाबांच्या ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट आधी त्यावर: भात इतके ग्रॅम, भाजी इतके, अंडं (टरफलासकट आणि टरफलाशिवाय, दोन रकाने). जेवण झालं की ताटात उरलेलं पुन्हा काट्यावर, वजाबाकी, आणि उत्तर फ्रिजच्या दारावरच्या तक्त्यात. आठवड्याची बेरीज शनिवारी. चार वाजता पोरगी शाळेतून आली की दोघं मिळून काहीबाही चरत असत, ते मी बंद करायला लावलं, कारण तक्त्यात चार वाजताचा रकाना नव्हता आणि नोंद नसलेलं खाणं म्हणजे हिशेबात भोक.

आणि ताई, यंत्रणा चालली. चौथ्या रविवारी पन्नास चारशे. पाचव्याला पन्नास पाचशे. सहाव्याला पन्नास सहाशे. सातव्याला पन्नास सातशे. मी तुला दर वेळी अकराच्या आत कळवत होतो आणि तू 'शाब्बास' म्हणत होतीस. (तू मला शेवटचं शाब्बास मी सायकलचा डायनामो जोडला तेव्हा म्हणाली होतीस.) मी बाजारात दोघाचौघांना तक्त्याची नक्कलसुद्धा दिली. एका मिठाईवाल्याने ती फ्रेम करतो म्हणून सांगितलं. त्याला ती उलट्या कामासाठी हवी होती, पण ते असो.

मग कुतूहलाने मला पकडलं. कुतूहल हा माझा एकुलता एक गुरू. दुसरा कुणी मला मिळाला नाही आणि मिळाला असता तर आमचं पटलं नसतं. झालं असं की एका संध्याकाळी बाबांनी माझ्याकडे चामड्याला भोक पाडायचा पंच मागितला. कशाला, विचारलं, तर म्हणाले पट्ट्याला. मला वाटलं, वा, वजन वाढतंय, पट्टा कमी पडायला लागला. मी स्वतः भोक पाडून द्यायला गेलो आणि बाबांनी जिथे बोट ठेवलं ती जागा आतल्या बाजूला होती. बक्कलच्या आणखी जवळ. आधीच्या दोन भोकांच्या पुढे, आणि ती दोनही ताजी.

आता तूच सांग. सुई सांगते माणूस जड होतो आहे. पट्टा सांगतो माणूस बारीक होतो आहे. मी तीन दिवस नीट जेवलो नाही (माझ्या जेवणाचा तक्ता नाही, म्हणून ग्रॅम देता येत नाहीत). पहिली शंका काट्यावर घ्यायला हवी होती, पण ती मी सर्वांत शेवटी घेतली, कारण आपल्याच मुलावर पोलीस कोण घालतो. आधी वाटलं, उतारवयात हाडं जड होत असतील. वाचनालयात जाऊन शरीरशास्त्राची दोन जाड पुस्तकं काढली. त्यांत नेमकं उलटं लिहिलेलं निघालं. मग वाटलं, स्वयंपाकघराची फरशी एका बाजूला कललेली आहे. काटा बैठकीत नेला, मग गॅलरीत, मग न्हाणीघराच्या दाराशी, आणि प्रत्येक ठिकाणी एक मोजून भरलेली पाण्याची बादली ठेवून पाहिली. बादली चारही ठिकाणी तितकीच भरली. (बैठकीत थोडी सांडली. त्यावर हिचं जे म्हणणं पडलं ते मी लिहीत नाही.) शेवटी आपल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि विचारलं, माणूस एकाच वेळी बारीक आणि जड होऊ शकतो का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझाच रक्तदाब घेतला.

मग शनिवारी मन घट्ट करून काटा तपासला. माझी प्रमाण वजनं तुला माहीत आहेत: लाकडी पेटी, आत निळी मखमल, प्रत्येक वजनाला त्याचा त्याचा खळगा. एक किलो, पाचशे, दोनशे, दोनशे, शंभर, आणि खाली पिल्लावळ. ही वजनं मी बोटांनी धरत नाही. मोठी रुमालाने, छोटी चिमट्याने, कारण हाताच्या घामाने पितळाचं वजन बदलतं. सगळी वजनं जागेवर होती आणि काटा तंतोतंत निघाला. फक्त एक गोष्ट खटकली. दोनशेची वजनं दोन असतात म्हणून त्यातल्या एकावर ओळखीसाठी बारीक टिंब असतं. टिंबवालं उजव्या खळग्यात राहतं. ते डाव्यात होतं.

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होतं कधी कधी. माझ्याकडे होत नाही. गेल्या एकवीस वर्षांत टिंबवालं डाव्या खळग्यात गेलेलं नाही. मी हिला विचारलं, माझ्या पेटीला कुणी हात लावला का? ती म्हणाली, मी नाही. (हे उत्तर लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.) लेकीला विचारलं तर तिने गणिताची वही छातीशी धरली आणि म्हणाली, पप्पा, माझी परीक्षा आहे. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते खिडकीत बसून त्यांचं करडं जाकीट घालून बाहेर बघत होते. ते जाकीट त्यांनी हल्ली रविवारीसुद्धा काढायचं बंद केलं होतं, थंडी वाजते म्हणून, आणि मी ते आधीच रिकामं मोजून वजा धरलं होतं. मी इतका काटेकोर आहे, ताई, की त्या जाकिटाचे तीनशे ग्रॅम मी दर रविवारी आठवणीने वजा करत होतो.

आठवा रविवार. नऊला पाच कमी. बाबा काट्यावर चढले, काठी भिंतीला, लेक शेजारी आधाराला (हे काम तिने चौथ्या रविवारपासून आपणहून मागून घेतलं होतं, आणि मला केवढा अभिमान वाटला होता). सुई थांबली. जाकीट वजा जाता पन्नास आठशे. मी तोंड उघडलं, एवढ्यात फोन वाजला. दूधवाल्याचा. त्याचा काटा शून्यावरच येईना, दारात रांग लागलेली, लोक म्हणताहेत मापात मारतोस, लगेच वजनं घेऊन ये. मी धावत जाऊन कपाटातली पेटी उचलली आणि माझ्या हाताला कळलं. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं. ही विद्या पुस्तकात नाही. पेटी हलकी होती. किती? जवळजवळ दोन किलो. उघडली. चार खळगे रिकामे: एक किलो, पाचशे, दोनशे आणि टिंबवालं दोनशे. एक किलो नऊशे.

पन्नास आठशेमधून एक किलो नऊशे गेले की अठ्ठेचाळीस नऊशे राहतात. वजाबाकी करायला मला अर्धा क्षण लागला. ती मानायला जरा जास्त लागला.

मी पेटी घेऊन दारात उभा. बाबा काट्यावर उभे. लेकीने डोळे मिटून घेतले होते, लहानपणी लपाछपीत मिटायची तसे, म्हणजे आपण कुणाला दिसत नाही. फोनमधून दूधवाला बोलतच होता. मग बाबांनी जाकिटाची बटणं काढली, एकेक, सावकाश, आणि ते खुर्चीच्या पाठीवर टाकलं. खुर्ची मागे कलंडली.

मला राग आला असेल असं तुला वाटेल. खरं सांगतो, आधी कुतूहल आलं. मी जाकीट उलटं करून पाहिलं. अस्तराच्या आत चार खिसे. प्रत्येक खिसा त्या त्या वजनाच्या मापाने गोल कापलेला, आतून मऊ कापड, म्हणजे पितळावर पितळ वाजू नये. किलोच्या खिशाला बटण लावायची झाकणी. चारही खिसे बरगडीच्या दोन बाजूंना असे वाटून बसवलेले की माणूस एका अंगाला झुकू नये. टाके इतके बारीक की चष्मा लावूनही मोजता येईनात, आणि मी मोजायला बसलोच होतो. ब्याऐंशीव्या वर्षी, ताई. हात थरथरतो म्हणून ज्यांना आपण चहाचा कपसुद्धा अर्धाच भरून देतो, त्यांचे हे टाके. आणि वजनं एकेक पांढऱ्या चिंधीत गुंडाळलेली. बोट लागू नये म्हणून. कधीतरी मी तसं सांगितलं होतं ते त्यांनी पाळलं होतं.

पण दूधवाल्याच्या दारात रांग होती. मला वजनं हवी होती. तेव्हा मी हात पुढे केला आणि गिऱ्हाइकाकडून मागावं तसं मागत गेलो: किलो, पाचशे, दोनशे, टिंबवालं दोनशे. बाबा एकेक काढून देत गेले, लेक चिंध्या घडी करत गेली. मी गेलो, काट्याच्या खाली दुधाची साय वाळून बसली होती ती खरवडली, वजनं ठेवून दाखवली, रांग शांत झाली. सगळं मिळून वीस मिनिटं. परत यायला मात्र मला तास लागला. रस्ता तितकाच आहे.

घरी आलो तेव्हा कटाचा तपशील मिळाला. लेकीने गणिताच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. दर शनिवारी, मी बाजारात असताना, ती आजोबांना काट्यावर उभं करून खरं वजन घ्यायची, त्यातून रविवारी दाखवायचं वजन ठरवायची आणि फरकाची वजनं काढायची. फरक वाढत गेला तसे खिसे वाढत गेले. खरे आकडे असे: पन्नास, एकोणपन्नास आठशे, एकोणपन्नास पाचशे, एकोणपन्नास शंभर, अठ्ठेचाळीस नऊशे. एकही वजाबाकी चुकलेली नाही. मी विचारलं, पण दर आठवड्याला बरोबर शंभरच का वाढवलंस? कधी दोनशे, कधी काहीच नाही, असं केलं असतंस तर मला संशय आला नसता. ती म्हणाली, तुम्हाला नीटनेटकं आवडतं म्हणून. (पुढे जाऊन ही मुलगी काय करणार आहे याची मला काळजी वाटते आणि थोडी छातीही फुगते.)

मग मी हिच्याकडे वळलो. तुला माहीत होतं? ती म्हणाली, पाचव्या रविवारपासून. जाकीट धुवायला घेतलं तेव्हा खिसे लागले. मग मला सांगितलं का नाहीस? मी तुला स्पष्ट विचारलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलंत पेटीला हात लावला का. मी नव्हता लावला. पुढची चौकशी तुम्ही केली नाहीत." वीस वर्षं खिडकीत बसल्यावर माणूस असा होतो.

राहिले बाबा. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं की ताईकडे जायचं नव्हतं तर तोंडाने सांगायचं, आणि जेवायला काय होत होतं. ते पट्ट्याच्या भोकांवरून बोट फिरवत बसले. मग जे बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो, कारण मोजण्यासारखं तेवढंच आहे.

"अरे, चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली मी. छाती, खांदा, बाही बोलून दाखवायचो. कमरेचं माप कधी मोठ्याने वाचलं नाही. वाचलं की माणूस पोट आत ओढतो. मग कपडा चुकतो."

एवढंच. ताईकडे जायचं नाही असं ते म्हणाले नाहीत, यंत्रणा बंद कर असंही म्हणाले नाहीत. तुझ्याबद्दल तर उलट म्हणाले की तिचं काही चुकत नाही, ती काळजीने बोलते, पण तिच्या घरी मी पाहुणा, आणि पाहुण्याला भूक लागली असं सांगता येत नाही. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, इथेही अलीकडे तसंच व्हायला लागलं होतं. हे म्हणताना त्यांनी टेबलावरच्या छोट्या काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं. तोवर मला ती फक्त एक चांगली वस्तू दिसत होती.

आणि लेक, जी एरवी माझ्याशी दाराच्या फटीतून बोलते, ती मध्येच रडायला लागली. "आजोबा गेले तर मी शाळेतून आल्यावर घरात कोण असणार? आई विचारते, तुम्ही मोजता. ऐकतं कोण?" मी उठून फ्रिजवरचा तक्ता काढला. त्याच्या मागच्या बाजूला तिने आता परीक्षेचं वेळापत्रक लिहिलं आहे. छोटा काटा मी बाजारात एका मसालेवाल्याला देऊन टाकला. दुसऱ्याच दिवशी बाबांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, कागद माझ्याकडे आहेत, नकला सोबत जोडल्या आहेत. बाई म्हणाल्या, कुठे काही नाही, यांना फक्त जेवायला कंपनी पाहिजे, आणि वाढणाऱ्याने वाढून निघून जावं. शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

गेले तीन रविवार मी तुला 'काटा दुरुस्तीला काढला आहे' असं कळवलं. ते खरं नव्हतं. दुरुस्ती चालू होती हे खरं. चार वाजताचं चरणं पुन्हा सुरू झालं आहे. दोघं ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खातात, काय खातात मला माहीत नाही, आणि ते माहीत नसण्याची सवय करायला मला जड जातंय. एकदा मी लवकर आलो तेव्हा आत हसण्याचा आवाज आला. मी जिन्यातच थांबलो, बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली, दोन वेळा.

तर ताई, चौथ्यापासून सातव्यापर्यंतच्या चार रविवारचे आकडे तुझ्या वहीत असतील ते खोडून टाक आणि वर दिलेले खरे आकडे, आठव्या रविवारच्या आकड्यासकट, लिही. बत्तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच चुकीची मापं परत घेतो आहे. आपल्या करारानुसार बाबा पाचव्या रविवारीच पन्नासच्या खाली गेले होते आणि तू तेव्हाच यायला हवी होतीस. शब्द माझाच आहे, मी तो नाकारत नाही. पण आज सकाळी नऊ वाजता बाबांना मी पुन्हा काट्यावर उभं केलं. जाकीट नव्हतं. खिसे मी स्वतः तपासले, सदऱ्याचे आणि पायजम्याचेही. पेटी उघडून समोर ठेवली होती, सगळे खळगे भरलेले. आकडा मोठ्याने वाचला नाही. सुई पन्नासवर होती. बरोबर पन्नास. पन्नासच्या खाली नाही. करारातला शब्द 'खाली' असा आहे.

भाऊजींना नमस्कार सांग (यंत्र कानात असेल तेव्हाच). उत्तराची वाट पाहतो आहे, पण घाईत लिहू नकोस.

तुझा,
काटेवाला

ता. क. तू पुढच्या शनिवारी येते आहेस असं हिला कळवलंस, ते मला आज कळलं (मी विचारलं नव्हतं). ये. पण न्यायला नको, राहायला ये. पंधरा दिवस, जमलं तर तीन आठवडे. हिची पाळी दुपारची झाली आहे, ती रात्री दहाला घरी येते. लेकीची परीक्षा आहे. माझी कंबर तीस अंशांवर आहे हे वर लिहिलंच आहे, आणि जेवताना बाबांच्या समोर बसून इकडचं तिकडचं बोलणारं कुणीतरी हवं. मी बसतो, पण माझी नजर ताटात जाते. मदत कशी मागतात ते मला कुणी शिकवलं नाही आणि हे एक मी आपलं आपणही शिकलो नाही. हा पहिलाच प्रयत्न आहे. काही चुकलं असेल तर दुरुस्त करून वाच.

ता. क. दुसरा. बाबा तुझ्यासाठी जाकीट शिवताहेत. तुझी मापं त्यांना हवी आहेत. चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवून त्यांच्याच नावाने पाठव, मी उघडणार नाही. आत खिसे हवेत का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवायच्या आधी एक लिहायचं राहिलं. मी माप लपवणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. आज सकाळी बाबा काट्यावर उभे होते तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. मी ती भिंतीला टेकवायला सांगायचं विसरलो. विसरलो नाही, सांगितलं नाही. तिचं वजन वर एका कंसात लिहिलेलं आहे. कंस वाचायची तुला पहिल्यापासून सवय नाही, तेवढा एक भरवसा आहे.